आपत्ती आणि माणसाची जबाबदारी: कँटोनीज शब्दसंग्रह कोणत्या क्रमाने शिकावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या एका मराठी भाषकाने वादळ, पूर, दरड, आग, भूकंप यांचे कँटोनीज शब्द नीट पाठ केले आहेत. एखादी दुर्घटना घडली की पहिल्या दिवसाच्या बातम्या त्यांना समजतात. परंतु दुसऱ्या दिवसापासून चर्चा 'दोष कोणाचा' या मुद्द्याकडे वळते आणि तेव्हा ना रेडिओ समजतो, ना लिफ्टमधील शेजाऱ्यांचे बोलणे. जबाबदारीचे शब्द कोठून आणि कोणत्या क्रमाने शिकावेत, असे त्यांनी विचारले आहे.

दुभाषी आणि शिक्षक या दोन्ही नात्यांनी या भाषेत काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. आपत्तींची नामे हा या विषयाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. कँटोनीजमध्ये दोष आणि जबाबदारी यांचा भार क्रियापदांवर, क्रियापदांना जोडल्या जाणाऱ्या छोट्या अवयवांवर आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या अव्ययांवर असतो. 'जबाबदारी' या अर्थाचा 'चाक३ यम६' हा शब्द आपल्याला येत असला, तरी सामान्य बोलण्यात तो फार उशिरा येतो. त्याच्या कितीतरी आधी दोषारोप होऊन गेलेला असतो.

पुढे जाण्यापूर्वी लिप्यंतराविषयी सांगणे आवश्यक आहे. अक्षरसमूहानंतरचा अंक स्वर दर्शवतो: १ उंच व सपाट, २ वर चढणारा, ३ मध्यम सपाट, ४ खाली उतरणारा, ५ खालून थोडा चढणारा आणि ६ खालचा सपाट. १९९३ मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने तयार केलेल्या 'यूत्पिंग' या रोमन पद्धतीत जेथे 'बी', 'डी', 'जी' ही अक्षरे दिसतात, तेथे उच्चार ब, द, ग असे नसून प, त, क असे अल्पप्राण असतात, आणि जेथे 'पी', 'टी', 'के' दिसतात तेथे फ, थ, ख असे महाप्राण उच्चार होतात. इंग्रजीच्या वळणाने वाचणारा येथे पहिल्याच दिवशी घसरतो. अल्पप्राण-महाप्राण भेद जिभेवर बसलेल्या मराठी माणसाने घसरण्याचे कारण नाही. दुसरी सोय त्याहून मोठी आहे. यूत्पिंगमधील 'झेड' म्हणजे जवळजवळ आपल्या 'चूल' आणि 'चांगला' यांतील दंत्य च होय. खाली मी जेथे 'च' लिहिले आहे तेथे हाच च वाचावा, आणि 'छ' म्हणजे त्याच दंत्य च चे महाप्राण रूप समजावे. अक्षराच्या शेवटचे क, त, प हे फक्त अडवायचे असतात, सोडायचे नसतात. 'ङ' ने सुरू होणारे शब्द आपल्याला जड जातात. तरुण पिढीतील अनेक जण तो ङ गाळतात, त्यामुळे ऐकताना दोन्ही रूपे कानाला ओळखता आली पाहिजेत.

सर्वप्रथम शिकावा असा शब्दप्रयोग म्हणजे 'थिन१ चॉइ१ यन४ वॉ६'. पहिली दोन अक्षरे आकाशातून आलेल्या संकटासाठी, पुढची दोन माणसाने ओढवलेल्या संकटासाठी. मराठी वाचकाला येथे 'अस्मानी-सुलतानी' हीच जोडी आठवेल आणि ते योग्यच आहे. मात्र व्याप्तीत फरक आहे. आपल्या 'सुलतानी'मागे राज्यकर्त्याचा जुलूम उभा आहे, तर 'यन४ वॉ६' मधला माणूस कोणीही असू शकतो: मंत्री, कंत्राटदार, इमारतीचा सचिव, किंवा वरच्या मजल्यावर गॅस चालू ठेवून बाहेर गेलेला शेजारी. या जोडीचा सर्वांत प्रसिद्ध राजकीय वापर बीजिंगमध्ये झाला. १९५९ ते १९६१ या काळातील दुष्काळाविषयी बोलताना जानेवारी १९६२ मध्ये चीनचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांनी हुनानमधील शेतकऱ्यांचे म्हणणे उद्धृत केले: तीन हिस्से आकाशाचे, सात हिस्से माणसाचे. कँटोनीज उच्चारात ते 'साम१ फ़न१ थिन१ चॉइ१, छत१ फ़न१ यन४ वॉ६' असे होते. दोष हिश्शांत वाटून सांगण्याची ही पद्धत आजही चर्चेत येते आणि आकडे बदलून वापरली जाते, म्हणून संपूर्ण वाक्य पाठ असावे.

इशाऱ्यांचे शब्द लवकर उरकावेत. वादळ येणे म्हणजे 'ता२ फ़ुङ१'. धोक्याचा संकेत म्हणजे 'फ़ुङ१ खउ४', आणि तो 'टांगला' जातो, म्हणून क्रियापद 'क्वा३'. हे संकेत १, ३, ८, ९ आणि १० असे आहेत. पूर्वी ५ ते ८ हे आकडे वाऱ्याच्या चार दिशा दाखवत; १९७३ मध्ये त्या चारही दिशा आठ क्रमांकाखाली आल्या. पावसाचा काळा इशारा 'हक१ यू५' ताशी ७० मिलिमीटरच्या वर, लाल ५० च्या वर, पिवळा ३० च्या वर. पाणी तुंबणे म्हणजे 'सोय२ चम३'. आगीला बातमीत 'फ़ॉ२ चॉइ१' म्हणतात, पण माणसे ओरडतात ते 'फ़ॉ२ चुक१', आणि आपल्याला आधी दुसरा शब्द लागेल. दुष्काळ म्हणजे 'थिन१ हॉन५'. परंतु जुन्या लोकांच्या तोंडी त्याऐवजी 'चइ३ सोय२', म्हणजे पाण्यावरचे नियंत्रण, हा शब्द येतो, कारण १९६३ मध्ये चार दिवसांतून एकदा चार तास पाणी मिळत असे आणि लोकांच्या लक्षात राहिली ती कपात. संकट आकाशाचे असले तरी आठवणीतले क्रियापद प्रशासनाचे आहे.

दरडीचा शब्द मात्र सावकाश शिकण्यासारखा आहे, कारण हाँगकाँगमधील जबाबदारीविषयीची बरीचशी भाषा डोंगरउतारांवर घडली आहे. 'सान१ नइ४ खिङ१ से३' म्हणजे डोंगराची माती ओतली जाणे. १८ जून १९७२ रोजी साउ माउ पिंग येथे भरावाचा उतार कोसळून ७१ माणसे गेली आणि त्याच दिवशी पो शान रोडवर ६७. पाऊस प्रचंड होता, त्यामुळे 'थिन१ चॉइ१' म्हणण्यास जागा होती. परंतु २५ ऑगस्ट १९७६ रोजी त्याच साउ माउ पिंगमध्ये पुन्हा भरावाचा उतार घसरून १८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा सैल टाकलेल्या, नीट न दाबलेल्या मातीकडे बोट दाखवावेच लागले, आणि १९७७ मध्ये उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र भू-तांत्रिक कार्यालय स्थापन झाले. आज सुमारे ६० हजार कृत्रिम उतारांची नोंद आहे आणि रस्त्याने जाताना त्यांच्यावर क्रमांकाच्या पाट्या दिसतात.

येथे दोन शब्दांत फरक करायला शिकावे. 'यन४ चोउ६' म्हणजे माणसाने बनवलेले. उतार 'यन४ चोउ६' असतो आणि त्यात निंदा काही नाही. 'यन४ वइ४' म्हणजे माणसामुळे घडलेले. चूक आणि हलगर्जी 'यन४ वइ४' असतात. मराठीत आपण दोन्हींना 'मानवनिर्मित' म्हणतो आणि त्यामुळे भाषांतर करताना उताराला उगाच दोष लागतो.

सात सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकरा ते बारा या एका तासात वेधशाळेत १५८.१ मिलिमीटर पाऊस पडला; १८८४ पासूनच्या नोंदींत एवढा तासाचा पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या तोंडी आकाश होते. त्यानंतर ताई ताम भागातील रेडहिल पेनिन्सुला या उच्चभ्रू वसाहतीखालची माती सरकलेली दिसली, तेथील घरांची अनधिकृत वाढीव बांधकामे उघडी पडली आणि संभाषणाचा शब्द बदलून 'छिम३ किन३', म्हणजे बेकायदा बांधकाम, असा झाला. या एका आठवड्याच्या बातम्या क्रमाने ऐकल्या तर थिन१ चॉइ१ पासून यन४ वॉ६ पर्यंतचा प्रवास आपोआप कानावर पडतो.

आता मूळ मुद्दा, व्याकरण. 'फुटला' आणि 'फोडला' यांत मराठी जो फरक करते तो कँटोनीजमध्ये 'लान६ चॉ२' आणि 'चिङ२ लान६' यांत आहे. पहिले आपोआप मोडले, दुसरे कोणीतरी मोडले. तक्रार करताना पहिले वापरले तर समोरचा खांदे उडवेल. दुसरे वापरले तर तो लगेच विचारेल, कोणी? त्याहून महत्त्वाचे म्हणजे कर्मणी प्रयोग. बोलीत तो 'पेइ२' या शब्दाने होतो आणि 'पेइ२' नंतर कर्ता सांगावाच लागतो. झाड पडले तर 'फॉ१ श्यू६ पेइ२ फ़ुङ१ छोय१ लम३ चॉ२', म्हणजे वाऱ्याने पाडले. कर्ता ठाऊक नसला तरी जागा रिकामी ठेवता येत नाही. तेथे 'यन४', म्हणजे माणूस, घालावे लागते. कोंडलेल्या दाराविषयी 'तोउ६ मुन४ पेइ२ यन४ सॉ२ चॉ२' असे म्हटले जाते: दाराला कोणीतरी कुलूप घातले आहे. याउलट वृत्तपत्राच्या लेखी भाषेत, जी कँटोनीज उच्चारानेच वाचली जाते, कर्मणी शब्द 'पेइ६' आहे आणि त्याच्यानंतर कर्ता गाळता येतो: 'फ़ॉङ४ फ़ॉ२ मुन४ पेइ६ सॉ२', आगरोधक दार कुलूपबंद होते. दोन शब्दांत केवळ स्वराचा फरक आहे, पण एकात माणूस उभा करावाच लागतो आणि दुसऱ्यात तो अदृश्य होऊ शकतो. सरकारी निवेदने दुसऱ्या प्रकारात लिहिली जातात आणि रहिवासी पहिल्या प्रकारात उत्तर देतात. हा एक फरक कानाला पकडता आला, तर अनेक वादांचा निम्मा आशय शब्दकोश न उघडता कळतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना बातमीतील 'पेइ६' चे प्रत्येक वाक्य 'पेइ२' मध्ये बदलून म्हणायला लावतो. कर्त्याच्या जागी काय घालायचे हे सुचले नाही, तर बातमीने काय सांगितलेले नाही ते आपोआप समोर येते.

क्रियापदाला लागणारा 'छन१' हा अवयवही याच वर्गातला. 'तित३ छन१' म्हणजे पडून लागले, 'चॉङ६ छन१' म्हणजे धडकून इजा झाली, 'हाक३ छन१' म्हणजे भीतीने धक्का बसला. 'छन१' लावला की इजा झाल्याचे सांगितले जाते, हेतूविषयी काहीही न बोलता. हेतूकडे वळायचे असेल तर 'लोय६' आणि 'हॉइ६' ही जोडी शिकावी. 'नेइ५ लोय६ सेइ२ ङॉ५' म्हणजे तुझ्यापायी मी गोत्यात आलो. त्यात निष्काळजीपणा आहे, वैर नाही. त्याच जागी 'हॉइ६' घातले तर आरोप पुष्कळ कडवट होतो आणि मुद्दाम केल्याचा सूर येऊ शकतो. मँडरिन शिकून आलेल्यांना 'लोय६' म्हणजे दमणे असे वाटते. बोली कँटोनीजमध्ये दमण्यासाठी 'कुइ६' आहे, त्यामुळे गल्लत करू नये.

वाक्याच्या शेवटची अव्यये तर निवाडाच देतात. 'यी३ ङॉइ६' म्हणजे अपघात. 'यी३ ङॉइ६ चे१' म्हटले की तो 'फक्त अपघात' होतो आणि बोलणारा विषय मिटवू पाहतो. 'यी३ ङॉइ६ लेइ४ का३ मे१' म्हटले की 'याला अपघात म्हणतात होय?' असा उलट सवाल होतो. मूळ शब्द तोच राहतो आणि जबाबदारी पूर्ण फिरते.

यानंतर कढईकडे येऊ. कँटोनीजमध्ये गडबड, संकट आणि दोष या सर्वांना 'वॉक६', म्हणजे लोखंडी कढई, पुरते. 'ताइ६ वॉक६' म्हणजे मोठी आफत. 'पोउ२ वॉक६' म्हणजे झालेली चूक सावरणे. 'मे१ वॉक६', शब्दशः कढई पाठीवर घेणे, म्हणजे दोष अंगावर घेणे, मग तो आपला असो वा दुसऱ्याचा. स्पष्टपणे दुसऱ्याचाच दोष माथी आला असेल तर 'सिक६ सेइ२ माउ१', मेलेले मांजर खाणे. जबाबदारी झटकणे म्हणजे 'से३ पॉक३', खांद्यावरून ओझे उतरवणे. योगायोग असा की यातला 'से३' आणि दरडीच्या शब्दातला 'से३' उच्चाराने एकच आहेत, लिहिताना वेगळे. गोल गोल बोलून हात वर करणाऱ्याला 'सा२ थाइ३ किक६', म्हणजे ताईचीचे हातवारे करणारा, म्हणतात. एक सूचना: 'वॉ६' (संकट) आणि 'वॉक६' (कढई) यांत फक्त शेवटच्या अडवलेल्या क चा फरक आहे आणि विषय तोच असल्यामुळे संदर्भही मदतीला येत नाही. हा भेद आधी ऐकून बसवावा, मगच बोलावा. हे सर्व शब्द मित्रांत आणि रेडिओवरील श्रोत्यांच्या फोनमध्ये चालतात. कार्यालयात लेखी तक्रार देताना त्यांच्याऐवजी 'थोय१ से३ चाक३ यम६' असे पूर्ण, औपचारिक रूप वापरावे.

चौकशी सुरू झाली की भाषेची पायरी चढते. स्वतंत्र चौकशी समितीला 'तुक६ लप६ तिउ६ छा४ वइ२ यून४ वुइ२' म्हणतात. १९९६ मध्ये उद्वाहन बदलण्याच्या कामात वेल्डिंगमधून लागलेल्या गार्ली बिल्डिंगच्या आगीनंतर, ज्यात ४१ जण गेले, आणि १ ऑक्टोबर २०१२ रोजी लामा बेटाजवळ ३९ बळी घेणाऱ्या बोटींच्या टकरीनंतर अशा चौकशा झाल्या. दुसऱ्या प्रकरणात बुडालेल्या बोटीत जलरोधक दार मुळातच बसवलेले नव्हते, हे उघड झाले. अशा अहवालांत 'सॉ१ फ़त१' (हलगर्जी), 'सत१ चिक१' (कर्तव्यच्युती) आणि 'चोय१ कउ३' (जबाबदारी निश्चित करून पाठपुरावा करणे) हे तीन शब्द सतत भेटतात.

मृत्यूची कारणे ठरवणारे न्यायालय 'सेइ२ यन१ छॉइ४ फुन३ फ़ात३ थिङ४'. येथे पहिली दोन अक्षरे जपून उच्चारावीत: 'सेइ२ यन१' म्हणजे मृत्यूचे कारण, आणि 'सेइ२ यन४' म्हणजे मेलेला माणूस. या न्यायालयाचे निष्कर्ष म्हणजे जबाबदारीची एक बारीक मोजपट्टीच आहे. 'सेइ२ यू१ यी३ ङॉइ६' म्हणजे अपघाताने मृत्यू. 'सेइ२ यू१ पत१ हङ६' म्हणजे कायदेशीर कृती करताना अनपेक्षितपणे ओढवलेला मृत्यू. नवशिके दोन्हींना 'अपघात' म्हणून सोडून देतात आणि निकालातला नेमका मुद्दा हातचा जातो. पुढे 'फ़ेइ१ फ़ात३ पेइ६ सात३', बेकायदा मारला गेला, आणि जेथे पुरावा पुरत नाही तेथे 'छ्यून४ यी४', शंका कायम. फौजदारी बाजूला सदोष मनुष्यवधाला 'ङ्६ सात३' म्हणतात, खुनाला 'मउ४ सात३'.

राजकीय जबाबदारीसाठी 'मन६ चाक३' हा शब्द २००२ मध्ये उच्चाधिकाऱ्यांसाठी उत्तरदायित्वाची पद्धत आल्यावर रोजच्या वापरात रुळला. पुढच्याच वर्षी सार्सची साथ आली; हाँगकाँगमध्ये १,७५५ रुग्ण आणि २९९ मृत्यू झाले. जुलै २००४ मध्ये विधिमंडळाच्या समितीचा अहवाल आल्यानंतर तत्कालीन आरोग्य सचिवांनी राजीनामा दिला. दोष पत्करून पद सोडणे यासाठी 'यन५ कउ३ छी४ चिक१' हा चार अक्षरी प्रयोग आहे. लोक त्याहून साधी मागणी करतात: 'पेइ२ कॉ३ काउ१ तॉइ६', आम्हाला जाब द्या. येथे 'पेइ२' म्हणजे देणे. कर्मणीचा शब्द आणि देण्याचा शब्द एकच असल्याने गोंधळू नये.

या सर्वांचा एकत्र सराव करायचा असेल, तर २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ताई पो येथील वांग फुक कोर्टमध्ये लागलेल्या आगीची चर्चा ऐकावी, मात्र हे कोवळे दुःख आहे याचे भान ठेवूनच. दुरुस्तीचे काम चालू असलेल्या आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. पहिल्या तासांत अनेकांनी 'चुक१ फाङ४', बांबूची परांची, हा शब्द उचलला. नंतर बोलणे 'फाङ४ मॉङ५', म्हणजे परांचीवरची जाळी, ती 'चॉ२ यिन४', आग रोखणारी, होती की नाही, खिडक्यांवर लावलेला फोम आणि न वाजलेली धोक्याची घंटा यांच्याकडे वळले. बांबू म्हणणारा परंपरेकडे बोट दाखवतो, जाळी म्हणणारा ती विकत घेणाऱ्याकडे आणि तपासणाऱ्याकडे. त्यापाठोपाठ 'वइ४ पिउ१', निविदांतील संगनमत, आणि 'फ़ात३ थ्यून४', म्हणजे घरमालकांचे मंडळ, हे शब्द आले. आपण सदनिकेत राहत असाल तर शेवटचा शब्द आजच शिकावा. त्याच्या सभेच्या सूचना आपल्याही इमारतीच्या तळमजल्यावर लागत असतात.

शेजाऱ्यांशी बोलताना शब्दांची निवड वेगळी ठेवावी. दुःखद बातमी ऐकल्यावर 'यम१ कुङ१' हा खास कँटोनीज उद्गार पुरतो. तो 'अरेरे, किती वाईट' इतका मोकळा आणि कोणालाही न दुखावणारा आहे. कुटुंबीयांना भेटल्यास 'चित३ ऑइ१ सन६ पिन३' हे औपचारिक सांत्वन. 'पोउ३ यिङ३', म्हणजे कर्माचे फळ, हा शब्द ऐकून समजण्यापुरता शिकावा आणि पीडितांच्या संदर्भात कधीही उच्चारू नये; स्थानिक वृद्ध तो बिल्डरांविषयी रागाने वापरतात, पण परक्या तोंडून तो वेगळाच लागतो.

क्रमाविषयी शेवटचे. एका वेळी एकच घटना घ्यावी आणि तिच्याविषयी तीन प्रकारचा मजकूर ऐकावा: त्या दिवसाचे बातमीपत्र, आठवड्याभरानंतरचा श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम आणि चौकशीचा वृत्तान्त. पहिल्यातून नामे उचलावीत, दुसऱ्यातून 'पेइ२', 'लोय६', 'वॉक६' आणि शेवटची अव्यये, तिसऱ्यातून औपचारिक रूपे. सुरुवात साउ माउ पिंगपासून करावी. घटना जुनी असल्याने भावनांचा दाब कमी आहे, स्मृतिपर वृत्तान्तांत बोलणारी वृद्ध माणसे सावकाश बोलतात आणि त्यांच्या उच्चारात ङ अजून शाबूत आहे.